बाहेरचे अन्न बंद

माझी बदली दक्षिण मुंबईतील लष्करी रुग्णालयात झाली, तेव्हा शहरात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नाईक होतो. काम नर्सिंग असिस्टंटचे. वॉर्डात चौदा खाटा. सहाव्या खाटेवर शिपाई दत्ताराम परब, वय तेवीस. जुनाट आमांशाने त्याचे वजन ब्याऐंशी पौंडांवर आले होते.

आमच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांचा लेखी हुकूम होता : दर दोन तासांनी चार औंस दूधपावडर, साखर व अंडे यांचे मिश्रण. बाहेरचे अन्न बंद.

परबला त्या मिश्रणाचा वासही सहन होत नसे.

"उस्ताद, हा भिंतीला लावायचा चुना आहे. तुम्हीच घ्या."

"हुकूम तुझ्यासाठी आहे. तोंड उघड."

"आईच्या हातची पेज द्या, वाटीभर पितो. नुसतं मीठ घालून."

"पेज हुकमात नाही."

तो दोन घोट घेई आणि ओकून टाकी. नाकातून नळी घातली. ती त्याने दोनदा उपसली.

त्या आठवड्यात हरताळ झाला. ट्राम, बस बंद. रजेवरची माणसे परतू शकली नाहीत. दोन दिवस वॉर्डात मी एकटा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला परबची आई गेटवर आली. घोडपदेवपासून चालत. डबा पदरात गुंडाळलेला.

"झिलाक पेज हाडलंय, बाबा. अजून गरम आसा."

"तुम्ही भेटा. डबा आत जाणार नाही."

"तांदूळ नि मीठ आसा. ईख नाय."

"हुकूम नाही, मावशी."

ती मुलाजवळ दहा मिनिटे बसली. निघताना पेज तिने पहाऱ्यावरच्या जवानाला दिली आणि रिकामा डबा घेऊन चालत परत गेली. परब भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

कॅप्टनसाहेबांना फोन करता आला असता. मी केला नाही. हुकूम लेखी असला की विचारायचे नसते, असे मी मानत होतो.

तिसऱ्या दिवशी साहेब राउंडला आले. त्यांनी चार्ट पाहिला.

"काल काय घेतलं यानं?"

"काही नाही, सर. आईने पेज आणली होती. मी अडवली."

त्यांनी चार्ट खाली ठेवला. "बाहेरचं बंद केलं ते भजी-वड्यांसाठी. पेज याच्या पोटात राहिली असती. विचारायचं होतंस, नाईक."

"यस, सर."

कुकहाउसमधून ताबडतोब पेज करवून आणली. परबला गिळता येत नव्हते. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो गेला.

आई आली. रडली नाही. तिने एवढेच विचारले, "शेवटाक कायतरी खाल्ल्यान मां?"

"हो. पेज घेतली."

सोळा वर्षांच्या नोकरीत मी दिलेला हा एकमेव खोटा रिपोर्ट.

आज मी परळला एका खोलीत राहतो. माझ्याकडे कोणी येत नाही, तक्रार नाही. परब लढाईत पडला नाही, म्हणून कोणत्याही स्तंभावर त्याचे नाव नाही. ते येथे नोंदवतो. शिपाई दत्ताराम परब, राहणार घोडपदेव. माझ्या ड्यूटीवर, उपाशी गेला.