पौषातला भाऊ, कागदावरचा जून

माझ्या धाकट्या भावाचा जन्म कागदोपत्री एक जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला हीच तारीख दिली, मलासुद्धा. आम्हा दोघांत चार वर्षांचं अंतर आहे, ते तरी त्यांनी ठेवलं.

वाघोलीतलं फरशांचं दुकान मी स्वतःच्या तोंडाच्या जोरावर उभं केलं. भावाला स्किझोफ्रेनिया झाला तेव्हा त्याच तोंडाबद्दल आई म्हणाली होती, "तुझ्या वरडण्यानंच त्याचं डोकं बिघडलं." बारा वर्षं झाली. आई विसरलीही असेल. मी विसरलेले नाही.

म्हणून हिवाळ्यात जन्मलेल्यांना या आजाराचा धोका थोडा जास्त असतो, असं मोबाइलवर वाचल्यावर मी दाखवायचा दिवस यायच्या आधीच आईला नि भावाला रिक्षात घालून त्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हिवाळ्यामुळे झालं, एवढं आईला सांगा," मी म्हणाले.

बाईंनी फाइल पाहिली. "यात तर जून आहे."

"तो गुरुजींचा जून. आई, सांग यांना."

"हुरडा चालू हुता," आई म्हणाली. "पौषातला हाय त्यो."

"झालं तर मग. हिवाळा धरा."

"अहो, तो फरक फार लहान आहे. तोही जास्त करून थंड देशांत दिसलेला. आपल्याकडचं नक्की सांगता येत नाही, आणि एकट्या माणसाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही."

"निम्मा धरा."

"नाही."

"पाव?"

"ताई, इथे घासाघीस चालत नाही."

भाऊ खाली बघून हसत होता. "डॉक्टर, आमच्या गिऱ्हाइकांना एकदा तुमच्याकडे शिकायला पाठवतो," तो म्हणाला.

दुसरीकडे असते तर एव्हाना उठून निघाले असते, पायरीपर्यंत जाऊन परत वळले असते. इथे खुर्ची सोडवेना.

"मग माझ्या ओरडण्यानं झालं का, तेवढं सांगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आईकडे बघितलं. "नाही. बहिणीच्या ओरडण्यानं हा आजार होत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पण झालेल्या माणसाला घरातल्या आरडाओरड्याचा त्रास होतो. आवाज जरा खाली आणा."

पहिलं वाक्य मला हवं होतं. दुसरं त्यांनी न मागता वर टाकलं.

बाहेर रिक्षावाल्यानं भाडं सांगितलं. मी तोंड उघडलं, तर मागून भाऊ म्हणाला, "ताई. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

मी इतक्या हळू घासाघीस केली, की रिक्षावाला बाहेर वाकून म्हणाला, "घसा बसलाय का, मॅडम?"

आई आत बसली. रिक्षा सुरू झाल्यावर रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्या वक्ताला मी बी लई बोलले तुला."

मला आणखी थोडं ताणता आलं असतं. नाही ताणलं.