आईची चार दिवसांची सुटी

महिन्यातले चार दिवस आई बाजूला बसायची. सपरीत, म्हणजे आमच्या ओसरीत, चटई टाकायची, गोधडी शिवायची आणि दुपारी घोरायची. चूल बाबा आणि मी सांभाळायचो. त्या विटाळाचा मला भारी राग यायचा. आईला मात्र तो चांगलाच मानवला होता.

मग तिची पाळी गेली, आणि सुटीही गेली. रात्री अंगाची आग व्हायची, घामानं लुगडं भिजायचं, झोप लागायची नाही. दिवसा भाजीत दोनदा मीठ पडायचं, शेजारणीचं नाव ओठांवर यायचं नाही. आम्ही हसायचो, ती हसायची नाही. तिची आई शेवटी पोटच्या पोरींना ओळखत नव्हती.

"मीबी तशीच होऊन राहिली," ती मला म्हणाली.

मी तिला तुमसरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाळी जाताना झोप मोडते, विसरायलाही होतं, बऱ्याच जणींचं पुढे सुधारतं, असं त्या म्हणाल्या. आईच्या आईसारखं होईल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पण आधी भरपूर झोपा, असं त्यांनी बजावलं. घरी आल्यावर तिनं थेट सपरीत चटई टाकली.

बाबा गोंधळले. पाळी तर केव्हाच बंद झालेली.

"माहीत आहे मले. तरी बसून राहिली," आई म्हणाली.

बाजूला बसलेल्या बाईला काम सांगायचं नाही, हा रिवाज बाबांनी जन्मभर पाळलेला. आता कोणत्या तोंडानं मोडणार? मुकाट्यानं चुलीपुढे बसले. शेजारणी चौकशी करून गेल्या, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकीनंही आपल्या सपरीत चटई टाकली. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

असे काही महिने गेले. एका दुपारी बाबांनी आईला ताट वाढलं. तिनं एक घास खाल्ला.

"हे कालचं वरण गरम करून देऊन राहिले तुम्ही. परवा फोडणीत हिंग नव्हता. अन् सोमवारी दुधावर झाकण ठेवाले विसरले, मांजरीनं पिलं."

मी दारात उभी होते. एकूण एक गोष्ट खरी होती, आणि आईला ती दिवसासकट आठवत होती. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. बाबा वरणाची पळी हातात धरून तिथंच खाली बसले.

"अजून सांग," ते म्हणाले.