कार्डावरचा रंग, भिंतीवरचा रंग

महाडच्या बाजारपेठेत माझं रंगाचं दुकान. शटर ओढायच्या आधी आमचा पेंटर बाळू आणि मी गप्पा छाटत बसतो. डबे विकले जातात, किस्से मात्र साठत राहतात! काय करणार? कार्डावर नखाएवढा रंग बघून माणूस हो म्हणतो आणि चार भिंती रंगल्या की त्याचं डोकंच फिरतं.

*

गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीतल्या एका हॉटेलवाल्याने भिंती आकाशी निळ्या करून घेतल्या. गड उतरून आलेली गिऱ्हाईकं कुरकुरायला लागली, "चहा गार आहे हो!" बिचाऱ्याने चहा उकळून उकळून काढा केला. तरी तेच! शेवटी वैतागून त्याने बाळूकडून विटकरी रंग मारून घेतला. स्टोव्ह तोच, पातेलं तेच. पुढच्याच आठवड्यात एक पाहुणा ओरडला, "अहो, जीभ भाजली!"

*

नाते गावच्या एका गृहस्थांनी "प्रसन्न वाटलं पाहिजे" म्हणून हॉल पिवळाधमक केला. तिथेच मुलीला बघायला पाहुणे आले. ट्यूबलाइट लागली आणि मुलाच्या आईने हळूच विचारलं, "मुलीला कावीळ होऊन गेली का हो?"

गृहस्थ तणतणत दुकानात. "तुमच्या रंगापायी पोरीचं जमता जमता मोडलं!"

मागे मुलगी उभी होती. ती म्हणाली, "बरं झालं बाबा. मला तर त्या मुलालाच कावीळ झालेली दिसत होती!"

*

वर डोंगरात कुडपणला धुकं उतरलं की चार पावलांवरचं दिसत नाही. तिथले सखारामबुवा आले. "दाराला झगझगीत भगवा ऑइलपेंट द्या. काल शेजाऱ्याच्या घरात शिरलो. चुलीपाशी बसलो, मंग कळलं, बायको आपली नाय!"

बुवांचं दार लांबून दिसतं म्हणून शेजाऱ्यानेही भगवा नेला, मग आख्ख्या वाडीने. पुढच्या पावसाळ्यात मी विचारलं, "आता दार सापडतं ना?"

"सापडतं तर! कुणाचं हाय, ते आत गेल्याबिगर कळत नाय."

*

पूर ओसरला की आमच्याकडे चॉकलेटी खपतो. पाणी जिथवर चढलं तिथवर पट्टा मारला की डाग झाकतो. आमच्या आळीतल्या शिक्षिका बाळूला म्हणाल्या, "पाणी कमरेएवढं होतं, पण तू पट्टा छातीपर्यंत ने. कमरेएवढाच ठेवलास तर मला रोज पूरच दिसेल!"

*

आणि हमीदाभाभी. यांचे मिस्टर इस्माईलभाई कुवेतला, दोन वर्षांतून दोन महिने घरी. एकदा यायच्या आधी त्यांचा दुकानात फोन आला, "हॉल हिरवा पाहिजे. एकदम हिरवा! इथे बाहेर वाळू, आत भिंतपण वाळूच्याच रंगाची. डोळे सुकले माझे."

भाभींना सांगितलं तर त्या भडकल्या. "चार महिने अंगण हिरवं, पायरीवर शेवाळ हिरवं, आता घरातपण? मला क्रीम पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी स्वतःच आल्या. "हिरवा मारा. दोन महिने मिळतात, ते काय रंगावरून भांडण्यात घालवू? पण क्रीमचा डबा बाजूला ठेवा. हे गेले की लगेच मारायचा. मग दोन वर्षं मलाच बघायचंय."

इस्माईलभाई आले. बाजारात नाहीत, कुठे नाहीत. हॉलमध्ये भिंतीला डोकं टेकून बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. भाभी म्हणायच्या, "यांना मी दिसत नाय, भिंत दिसते!"

सुट्टी संपली, ते गेले. दोन दिवसांनी बाळू क्रीमचा डबा, शिडी, ब्रश घेऊन हजर झाला.

"आज नको," भाभी म्हणाल्या.

"मग परवा येऊ?"

"डबा परत घेऊन जा."

बाळूला वाटलं, एवढं आलोय तर काहीतरी करून जावं. इस्माईलभाई बसायचे तिथे भिंतीवर डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला होता. त्याने फडकं ओलं केलं. "भाभी, हा डाग तरी पुसून देतो."

"बाळू! हात लावू नको त्याला!"