पुठ्ठ्याची खाट

माझी मावशी बावीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची मॉडेलं करत होती. पुठ्ठा, डिंक, पोलादी पट्टी आणि पात्याची सुरी, एवढाच तिचा संसार. नकाशावरची रेघ साहेबांची. ती रेघ उभी राहते की कोसळते, हे पाहणं मावशीकडे.

साहेब दिसायला रुबाबदार. मान तिरपी करून बोलायचे, 'अवकाश' हा शब्द वाक्यागणिक वापरायचे आणि जिना काढायला बसले की दोन पायऱ्या हमखास विसरायचे. त्या पायऱ्या मावशी गुपचूप भरून द्यायची. साहेबांना वाटायचं, जिने आपोआप नीट होतात.

मग हॉस्पिटलचं काम आलं. साहेबांनी कुठल्याशा मासिकात गोल खांब पाहिला होता, तो त्यांनी वॉर्डकडे वळणाऱ्या बोळात, ऐन कोपऱ्यावर रोवला.

मावशी म्हणाली, "साहेब, इथे खाट अडकेल."

"बाई, तुम्ही पुठ्ठा कापा. विचार करायला मी आहे ना!"

मावशीने पुठ्ठा कापला. खांबासकट, जसाच्या तसा.

हॉस्पिटलच्या कमिटीसमोर मॉडेल मांडलं, वरचं छत उचलून बाजूला ठेवलं. साहेब अर्धा तास अवकाशावर बोलले. कमिटीतल्या मंडळींनी अगदी सगळं कळल्यासारख्या माना डोलावल्या. यांच्यातल्या एकाने तरी कधी पेशंटची खाट ढकलली असेल तर शपथ. ढकलणाऱ्या एकट्याच होत्या, मोठ्या सिस्टर. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "या वळणावरून खाट जाईल का हो?"

"अहो, सगळं मोजूनमापून केलंय," साहेब हसून म्हणाले.

"मग दाखवा."

साहेबांनी उगाच टाय सारखा केला. मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती, ती पुढे आली. "सिस्टर, खाट केवढी असते तुमची?"

सिस्टरनी लांबी-रुंदी तोंडपाठ सांगितली. मावशीने पिशवीतून सुरी काढली, पट्टी ठेवली आणि सगळ्यांसमोर पुठ्ठ्याचा इवलासा तुकडा कापून त्यांच्या हातात दिला. सिस्टरनी तो बोटाने बोळातून सरकवला. वळणावर तो खांबाला टेकला आणि आडवा होऊन बसला. पुढे जाईना, मागे येईना.

साहेब म्हणाले, "मॉडेल चुकलं असेल. शेवटी हातानेच केलेलं."

मावशीने पट्टी आधी नकाशावर ठेवली, मग मॉडेलवर. केसाचाही फरक नव्हता.

"पेशंटला उतरवून चालवत न्यायचं का मग?" सिस्टर म्हणाल्या, आणि आतापर्यंत माना डोलावणारे सगळे एकदम हसले. तेही सिस्टर हसल्यावरच.

परतताना गाडीत साहेब फणफणले, "लाज काढलीत माझी!"

"मी फक्त खाट कापली, साहेब."

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर साहेबांच्या पुतण्याला बसवलेलं होतं. मावशीने आपली पट्टी उचलली आणि घरी आली. रडले नाही, असं ती सांगते. काका सांगतात, तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातला ओटा मोजून, तो कसा चुकीच्या उंचीवर बांधलाय, यावरून घरमालकाचा उद्धार केला. तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

खांब अर्थातच गेला. हॉस्पिटल झालं, आणि पेपरात साहेबांची मुलाखत आली: 'रुग्णांचा विचार करून मी वळणं मोकळी ठेवली.' मावशीने ती काकांना मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा, साहेबांसारखी मान तिरपी करून.

आता ती घरीच मॉडेलं करते. आर्किटेक्ट मंडळी नाक मुठीत धरून येतात, कारण तिच्यासारखं काम दुसरीकडे होत नाही. पण हातात सुरी घेण्याआधी ती प्रत्येकाला समोर बसवून उलटतपासणी घेते. मागच्या महिन्यात एक तरुण सगळीच्या सगळी काचेची इमारत घेऊन आला.

"बाहेरून काचा पुसणार कोण?" मावशीने विचारलं.

"ते... नंतर बघू."

"मग नंतरच या."

तो तणतणत गेला. आठ दिवसांनी आला, तर नकाशात प्रत्येक मजल्याला बाहेरून अरुंद सज्जा होता. मावशीने चष्मा लावला, सज्ज्याची रुंदी मोजली आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. यावर बादली ठेवल्यावर माणूस कुठे उभा राहणार, ते सांगा."