साडीवर अप्पांचं नाव

गुजराती मुलखात, डिंडोलीतल्या आमच्या अहिराणी बोलणाऱ्या गल्लीत बाप लूमवर आणि पोरगा कॉम्प्युटरवर अशी निम्मी घरं. आमचं त्यातलंच. अप्पा गोडादऱ्याच्या कारखान्यात उभे राहून साड्या विणायचे आणि मी पर्वत पाटियाजवळच्या ऑफिसात बसून त्याच साड्यांची वेबसाइट बनवायचो. बसणाऱ्याला पगार जास्त, हे काय मी सांगायला नको.

आमच्या शेठला कुठल्याशा प्रदर्शनात ब्लॉकचेनची बाधा झाली. परत आला तो एकच घोकत. प्रत्येक साडीची नोंद अशा साखळीत चढवायची, की ती जगभरच्या कॉम्प्युटरवर राहील आणि कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. गिऱ्हाइकानं साडीवरचा कोड स्कॅन केला की मोबाइलवर कारागिराचं नाव हजर! "ट्रस्ट, भाई, ट्रस्ट!" कापडाचा ताका तीनदा मोजल्याशिवाय न उचलणारा माणूस ट्रस्टवर बोलायला लागला होता.

पण ते कारागिराचं नाव माझ्या डोक्यात बसलं. लूमवर नाव नसतंच. ताक्याच्या टोकाला मशीनचा नंबर लिहितात, मुकादम हाकसुद्धा नंबरानंच मारतो. अप्पा दिवाळीनंतर काम सोडणार होते. त्याआधी एका तरी साडीवर त्यांचं नाव यावं, एवढंच मला हवं होतं. शेठ म्हणाला, पहिल्या लॉटला कोणाचंही नाव टाक. मी अप्पांचं टाकलं, खाली खरं ते 'पॉवरलूम' लिहिलं आणि नोंद चढवली. घरी छाती फुगवून सांगितलं, आता देवसुद्धा पुसू शकत नाही. अप्पांनी जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली.

वेबसाइटचं पान मी तुकड्यातुकड्यांनी बांधलं होतं. फोटोचा एक कंपोनंट, किमतीचा दुसरा, कारागिराचा तिसरा. आणि अक्कल बघा माझी, जो तो कंपोनंट आपापला साखळीकडे विचारायला धावायचा! पानावर चाळीस साड्या, माहिती देणारी सेवा फुकटची. एवढ्या चौकशा एकदम आल्यावर तिनं सरळ दार लावून घेतलं. शेठसमोर नुसतं चाक गरगरत राहिलं. टँकर कधी येणार, हे गल्लीतल्या प्रत्येक घरानं वेगळं जाऊन विचारावं, त्यातलाच हा प्रकार. मग मी सगळ्यात वरच्या कंपोनंटला एकदाच विचारायला लावलं आणि आलेली माहिती खालच्यांना वाटायला लावली. पान झटक्यात उघडलं.

उघडलं तेच नडलं. शेठनं 'पॉवरलूम' वाचलं आणि ओरडला, "अरे, आ काढी नाख! हँडलूम लिख!"

"शेठ, ती हातमागाची नाहीये. आणि आता पुसता येत नाही, तुम्हीच तर..."

शेठनं क्षणभर डोळे मिटले. "मिटा मत," तो म्हणाला, "दिखा मत."

आमच्या अख्ख्या ऑफिसात तंत्रज्ञान इतकं नेमकं कुणालाच कळलं नव्हतं.

मी भांडलो? छे! मान खाली घातली आणि कारागिराच्या कंपोनंटमधली एक ओळ बदलली. आता तो वरून आलेली साखळीची माहिती बघतच नव्हता. 'हातमागाची परंपरा, अस्सल कारागिरी' हे मीच लिहिलेलं वाक्य दाखवायचा, शेजारी पगडीवाल्या कुणा म्हाताऱ्याचा फोटो. लाज वाटली मला, खूप वाटली. तरी बटण दाबलंच.

घरी मात्र सांगायची हिंमत झाली नाही. दिवाळीला अप्पांनी त्याच लॉटमधली साडी आईसाठी विकत आणली. शेजारच्या बायकांना बोलावलं आणि कोड स्कॅन करायला साडी माझ्यापुढे धरली. मोबाइलवर पगडीवाला म्हातारा आला. अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मनं नाव कोठे शे रे?"

"शे ना, अप्पा. साखळीमा शे. पुसेल नही. फक्त दिसत नही."

अप्पांनी साडीची घडी सारखी केली आणि आईच्या हातात दिली.

"मंग यामा नवं काय शे?" म्हणाले, आणि बायकांसाठी चहा टाकायला सांगितला.