नवसूच्या पायांना हाक

उंबरमाळीचा नवसू ऐनाच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत चढायचा. २००३ च्या फाल्गुनात भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजायला फांद्या तोडताना तो तिथूनच पाठीवर पडला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. बायको जना त्याला कुशीवर वळवायची, तेव्हा तो भिंतीकडे बघत राहायचा.

दिवाळीला जनाचा भाऊ भगीरथ आला. तो मुंबईत एका प्रयोगशाळेत माशांच्या टाक्या धुवायचा.

"दाजी, आमच्याकडं बोटाएवढा मासा हाय. त्याच्या पाठीतली शिरांची दोरी सायब लोक कापतात. दीड महिन्यात पुन्ना पवतो!"

नवसू हसला. "बहिणीकडं जेवायला आलास आन् थापा मारतोस व्हय रे?"

"आईची आन! तुटलेले धागे वाढतात. वाटंवर कसले कसले रस असतात. एक बोलावतो, हिकडं ये. दुसरा हटकतो, तिकडं नको. तसं करत धागा बरोबर आपल्या जागंला जाऊन चिकटतो."

"बोलावतं कोण?"

"पुढचं अंगच बोलावतं."

भगीरथ गेल्यावर चार दिवस नवसू आपल्या पायांकडेच बघत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "जने, माझे पाय मुके झालेत. हाक देत नायत. इळा तापव, चटक्यानं तरी बोलतील."

पाड्यात काविळीला, पोटफुगीला तापल्या लोखंडाचा डाग देतातच. जनाने विळ्याचं टोक लाल केलं आणि दोन्ही तळव्यांना टेकवलं. कातडी चरचरली.

"लागलं का वो?"

"नाय. आनखी दे."

दर आठवड्याला तिने डाग दिले. जखमा दुखत नव्हत्या, म्हणून दोघांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पाचव्या आठवड्यात नवसू तापाने फणफणला आणि घरात वास सुटला. शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चादर उचलून पाहिलं. दोन्ही पाय गुडघ्याखाली कापायचे ठरले.

भगीरथ धावत आला. जना औषध आणायला खाली गेली होती.

"पाय कापल्यावर धागा खाली आला, तर जाईल कुठं रे?" नवसूने विचारलं.

भगीरथने मान खाली घातली. "दाजी, ते माशांचं. मानसाच्या पाठीत जखमंपाशी हटकनारे रसच लई. धागा पुढं सरकतच नाय. सायब लोक अजून त्येच शोधतात."

"मंग तवा का नाय बोललास?"

"तुमी हसलात, दाजी. पडल्यापासून पैल्यांदा."

जिन्यात जनाच्या बांगड्या वाजल्या.

"हिला नको सांगू," तो घाईने म्हणाला. "इळा तिच्या हातात व्हता."

मग त्याने संमतीच्या कागदासाठी अंगठा पुढे केला.