आभार मानण्याआधी

कोल्हापूरहून बंगळूरची बस सुटली आणि सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, जाहीर केलं, "हे शिक्षकांचं शिबिर शेवटचं. नाही जमलं तर सोमवारी नागरिकशास्त्र हेडसरांना परत." इतिहास ती रंगवून शिकवते, नागरिकशास्त्र मात्र धडा वाचून उरकते. मुलांनी आडवा प्रश्न विचारला तर, ही धास्ती. मी सोबत होतो तो बॅगा उचलायला.

बंगळूरला सर्जापूर रोडवर भाच्याकडे अंघोळी उरकल्या आणि रिक्षाने शिवाजीनगरचा शिबिराचा हॉल गाठायला निघालो. वाटेत गर्दीत अडकल्यावर मी रिक्षावाल्याला विचारलं, "अजून किती?"

"स्वल्प (थोडं), सर."

त्या स्वल्पात माझी एक झोप झाली.

हॉलमध्ये ठिकठिकाणचे शिक्षक. शिबिर घेणाऱ्या पद्माअक्का इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. त्यांनी लुटुपुटूची वॉर्डसभा मांडली. शिक्षक झाले नागरिक. आणि नगरसेवक? अक्कांची नजर माझ्या पोटावर स्थिरावली. "हे शोभतील!"

मी रस्ते, दिवे, बाग, सगळं 'लवकरच' देऊन टाकलं. टाळ्या पडल्या. सुनंदा उठली आणि सवयीने सुरू झाली, "मान्यवरांनी आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल..." शाळेत आभारप्रदर्शन कायम तिच्याकडे.

"अय्यो, थांबा!" अक्का म्हणाल्या. "यांनी काम काय केलं ते विचारलंत?"

"पण अक्का, उलट मलाच कुणी काही विचारलं आणि आलं नाही तर?"

"तर म्हणायचं, माहीत नाही, शोधू या. वर्गातही हेच. सरी (ठीक)? विचारा आता."

सुनंदाने पदर खोचला. "लवकरच म्हणजे कधी? दिव्यांचा खर्च कुठल्या निधीतून? आणि आमच्या न्हाणीतला नळ दिवाळीपासून गळतोय, तोही लवकरच ना?"

मराठी कळणारे हसले. अक्कांनी भाषांतर केल्यावर उरलेले हसले. निधीचं मला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. "माहीत नाही, शोधू या," ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि खडू घेऊन फळ्याशी उभी राहिली. जो तो आपल्या गावचं सांगू लागला.

दुपारी मी बिसीबेळे भातावर (डाळ-भाज्यांचा मसालेदार गरम भात) तुटून पडलो. ही ताट विसरून एका कानडी बाईंशी निधीवरच वाद घालत होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला अशी पाहिली नव्हती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी पुटपुटत होती. मला वाटलं, स्तोत्र. ते सोमवारचे प्रश्न होते.

"खऱ्या नगरसेवकांना वर्गात बोलावणार आहे," ती म्हणाली. "आधी मुलांचे प्रश्न. आभार मग, उरले तर."

सोमवारी ती नागरिकशास्त्राच्या तासाला गेली. मी नळाचा वायसर आणायला गेलो.